खंड नववा, गाणं अकरावं

वेष्टणावर एक रिकामी खुर्ची आहे
आणि मावळतीचा समुद्र. तो आमचा नव्हे,
कुठल्याशा ग्रीक बेटाचा असावा.
आमचा नितेरॉयचा,
फेरीबोटीच्या डिझेलचा तवंग वागवणारा.

दोन दिवसांत चौदा गाणी, पैसे रोख,
हक्क सगळे एराल्दोचे.
अट एकच: कुणी जेवता जेवता
मान वर करून बघेल असं काही वाजवायचं नाही.
'काट्याचमच्यांचा आवाज
गिटारच्या वर राहिला पाहिजे.'
मी मान डोलावली.
तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

स्टुडिओ म्हणजे त्याच्या मेहुण्याची झोपायची खोली.
भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीला घोंगडी,
उकाडा असा की लाकूड घामेजून सूर उतरायचा.
दर गाण्याआधी मी खुंट्या पिळत बसे.

झुरेमा आली औषधाच्या दुकानातली पाळी संपवून,
पांढरा कोट हातावर, कडेवर बिरा.
अकरा महिन्यांचा. दात येत होते, अंगात कणकण.
'ठेवायला कुणी नाही,' एवढंच म्हणाली.
भिंतीची एक गादी आम्ही खाली ओढली
आणि त्याला निजवलं
मायक्रोफोनपासून दोन हातांवर.

तिचा मूळ आवाज तसा नव्हता हो.
कार्निव्हलात मी ऐकली होती तिला,
माइक नसताना,
चाळीस ढोलांच्या पलीकडून.
त्या रात्री तिनं तो एवढा खाली आणला
की शब्दांना नुसती श्वासाची ओल उरली.
शब्द इंग्रजी. अर्थ तिला ठाऊक नव्हता,
उच्चार वहीत उतरवून आणले होते.
एक डोळा वहीवर, एक पोरावर.
तो चुळबुळला की ती ओळ लांबवायची,
मी मागोमाग थांबायचो,
आणि एराल्दो दाराच्या फटीतून
अंगठा दाखवायचा.

पुढे कुणीतरी कौतुकानं लिहिलं:
प्रियकराच्या कानाशी लागून गायल्यासारखा स्वर,
ताल जाणूनबुजून किंचित मागे ठेवण्याची नजाकत.
मी तिला वाचून दाखवलं.
म्हणाली, 'साडेअडतीस ताप होता.'

गाणं मात्र फिरलं.
ओसाकातल्या केशकर्तनालयात,
दुबईतल्या लिफ्टमध्ये,
माझ्या भावाला बँकेनं फोनवर ताटकळत ठेवलं तेव्हाही.
पुस्तिकेत तिचं नाव ज्युलिया छापलंय.
माझं नाहीच.

बिरा आता बावीस वर्षांचा.
कुरितिबाच्या एका हॉटेलात रात्रपाळीला असतो,
काउंटरमागे, टाय लावून.
परवा त्याचा फोन आला, अपरात्री.
'काका, तुम्ही संगीतातले, म्हणून विचारतो.
लॉबीत रोज तोच अल्बम लावतात.
बाकी सगळी चालतात, पण दोनच्या सुमाराला
अकरावं लागलं की माझे डोळेच मिटतात.
दोनदा ताकीद मिळाली.
असं काय असतं त्यात?'

आईचा आवाज त्यानं ओळखला नव्हता.
ओळखणार कसा? घरी ती
एवढं हळू कधी बोलतच नाही.
मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.
तेवढ्यात त्याच्यामागे, संगमरवरी लॉबीत,
माझीच गिटार सुरू झाली.

दुसऱ्या कडव्यानंतर, जिथे ती उगाच थांबते,
तिथे एक बारीक खसखस आहे,
गादीवर कुणीतरी कूस बदलल्याची.
एराल्दोनं खूप घासलं, ती निघाली नाही.
मी कान लावून बसलो होतो.
खसखस आली. गेली.

पलीकडे लांबलचक जांभई.
'काका... ऐकताय ना?'

'हं,' म्हटलं,
अगदी हळू.